खाणीचा कारभार शिकवणारं ट्रेनिंग: करू का? आणि नाशिकच्या दगडखाणींच्या खड्ड्यांना त्याचा काय उपयोग?

वालदेवी

नमस्कार मंडळी. मी नाशिकचीच. जिओलॉजीत एम.एस्सी. केलंय आणि गेली ९ वर्षं दगडखाणींची मोजणी करते, आधी उन्हात टोटल स्टेशन (तिवईवरचं मोजणीचं यंत्र) घेऊन उभं राहायचं, आता जिथे परवानगी मिळते तिथे ड्रोन. बाहेरच्या एका विद्यापीठाच्या चार आठवड्यांच्या कोर्सला माझा नंबर लागलाय. विषय आहे विकसनशील देशांमधला खाणकामाचा कारभार आणि धोरण. बहुतेक विद्यार्थी आफ्रिका-आशियातल्या सरकारांचे अधिकारी असतात, माझ्यासारख्या बाहेरच्यांना थोड्या जागा असतात. अर्धी फी माफ आहे, उरलेली खिशातून. घरी सगळे विचारतात की तू खड्डे मोजतेस, तुला धोरण कशाला शिकायचंय. त्याचं उत्तर देता देता जे सुचलं ते इथे लिहितेय, लांब झालंय, सांभाळून घ्या.

अभ्यासक्रम पाठवलाय त्यांनी. आधी परवाने आणि लिलाव, मग करार, मग रॉयल्टी (काढलेल्या मालावर सरकारला द्यायचा हिस्सा) आणि कर, मग आलेला पैसा कसा सांभाळायचा, मग पर्यावरण आणि गावकरी. सगळं महत्त्वाचंच आहे. पण किती माल निघाला हे मोजायचं कसं, याला अख्ख्या कोर्समध्ये एक दुपार दिलीये! माझा जीव तिथेच अडकलाय.

का ते सांगते. समजा एक खड्डा आहे, ६० मीटर लांब, ४० रुंद, सरासरी खोली ११. म्हणजे २६,४०० घनमीटर. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर, तर झाले साधारण ९,३०० ब्रास. आता खाणवाल्याने रॉयल्टीच्या पावत्याही ९,३०० ब्रासच्याच फाडल्यात. कागदावर हिशोब जुळला, फाइल बंद. पण खड्डा मोजला तो पक्क्या दगडाचा आणि पावती फाटते ती गाडीत भरलेल्या फुटलेल्या मालाची. बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा दगड, फोडला की मधे हवा जाते आणि तो दीडपट तरी फुगतो. म्हणजे गाड्यांमधून गेला असणार १४,००० ब्रासच्या आसपास. फरक ४,६०० च्या वर, रॉयल्टी ६०० रुपये ब्रासने धरली तर जवळपास २८ लाख. एका खड्ड्यात. कुणी खोटी सही केली नाही, कुणाचं आकडेमोडीत चुकलं नाही, फक्त लूज आणि सॉलिड हा फरक कुणी विचारलाच नाही.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मोजणी अहवालात खाली एक ओळ टाकली होती की रूपांतर करून तुलना करावी. ज्या ऑफिसला दिला तिथल्या माणसाने शांतपणे विचारलं, मॅडम हे कोणत्या नियमात लिहिलंय? मला सांगता आलं नाही. त्या दिवसापासून मला हा विषय नीट शिकायचाय. तर, कुणी असं ट्रेनिंग केलंय का? फायदा होतो का?

मंडळ_निवृत्त

ताई, मी महसूल खात्यात ३१ वर्षं काढली, शेवटची ८ मंडळ अधिकारी म्हणून. तुमची ती एक ओळ मला तेव्हा कुणी सांगितली असती तर फार बरं झालं असतं.

गौण खनिज म्हणजे दगड, मुरूम, वाळू. १९५७ च्या खाण कायद्याच्या कलम १५ ने याचे नियम करायचा अधिकार राज्याला दिलाय, आपल्याकडे २०१३ चे नियम आहेत, आणि विनापरवाना उपसा झाला तर जमीन महसूल संहितेचं कलम ४८ पोटकलम ७, बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. ऐकायला केवढं जबर वाटतं! पण पंचनामा करायला जायचो आम्ही, मी, तलाठी, कोतवाल आणि एक ३० मीटरचा टेप. खड्ड्यात पाणी साचलेलं असायचं. एका टोकाला कोतवाल उभा, दुसऱ्या टोकाला मी, खोली विचारायची शेजारच्या शेतकऱ्याला. पंच दोन, त्यातला एक त्याच खाणीवर कामाला जाणारा. त्यावर दंडाची नोटीस निघायची लाखांत आणि अपिलात प्रकरण परत यायचं, की मोजमाप कोणी केलं, कोणत्या पद्धतीने केलं, आधीची जमिनीची पातळी काय होती. आणि अपिलात विचारलं ते बरोबरच होतं हो. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

३१ वर्षांत गौण खनिजावर मला मिळालेलं ट्रेनिंग किती, तर दोन दिवस. त्यात कलमं वाचून दाखवली. एकदाही खाणीवर नेलं नाही. तुम्ही जा ताई. आणि परत आलात की तलाठ्यांना शिकवा.

कॉपरबेल्ट_कर

मूळचा पंचवटीचा, गेली १२ वर्षं झांबियात, सध्या सोल्वेझीला तांब्याच्या खाणीवर मायनिंग इंजिनिअर. हा धागा बघून राहवलं नाही.

वालदेवी, तुझा लूज-सॉलिडचा मुद्दा इथे वेगळ्या रूपात रोज दिसतो. तांब्याचं कॉन्सन्ट्रेट गाडीत भरतात, काळपट ओली पावडर, त्यात तांबं साधारण पाव हिस्सा आणि ओलावा ८ ते १० टक्के. गाडी काट्यावर चढते. आता वजन ओलं धरायचं की सुकं, सॅम्पल गाडीच्या वरच्या थरातून घ्यायचं की पार तळापर्यंत नळी घालून, तपासणारी लॅब कुणाची. यातल्या प्रत्येक ठिकाणी एक एक टक्का इकडे तिकडे होतो आणि हजारो गाड्यांवर तो टक्का म्हणजे शाळा-दवाखाने. मी खाणीच्या बाजूने काट्यावर उभा राहिलोय, समोर सरकारकडून आलेला मुलगा कॉमर्सचा पदवीधर, अतिशय प्रामाणिक, पण नळी कुठपर्यंत जायला हवी हे त्याला कुणी दाखवलेलंच नव्हतं.

धोरणाचंही सांगतो कारण ते पण इथेच शिकलो. २००८ मध्ये इथल्या सरकारने विंडफॉल टॅक्स (भाव चढले की वरच्या कमाईवर जादा कर) लावला, २००९ मध्ये काढला. २०१५ च्या जानेवारीत उघड्या खाणींची रॉयल्टी एकदम २० टक्के केली, भूमिगत ८. एका मोठ्या खाणीने काम थांबवायची तयारी जाहीर केली, माणसं घाबरली, माझ्या शेजारच्याने घेतलेली सेकंडहँड गाडी परत विकायला काढली. जुलैपर्यंत ते उघड्या खाणींना ९ आणि भूमिगतला ६ वर आलं. एका वर्षात एवढे झोके. २० टक्के का लावले तर नफ्यावरचा कर हाती लागत नव्हता, नफा कागदावर दिसायचाच नाही. रॉयल्टी निदान पहिल्या गाडीपासून मिळते, नफ्यावरचा कर कंपनीने खर्च वसूल केल्यावर. म्हणजे मूळ दुखणं मोजणीचं आणि हिशोबाचं, औषध लावलं दराला.

दुसरी बाजू पण आहे. मोपानी नावाच्या खाणीचा २००९ च्या सुमाराला नॉर्वेच्या पैशाने ऑडिट झाला, तांबं आपल्याच ग्रुपमधल्या कंपनीला स्वस्तात विकलं असा वाद होता. केस चालत चालत २०२० मध्ये सुप्रीम कोर्टात झांबियाचं कर खातं जिंकलं. अकरा वर्षं! पण जिंकलं, कारण तोवर त्यांच्याकडे खाणीचे हिशोब वाचू शकणारी स्वतःची माणसं तयार झाली होती. ट्रेनिंगचा उपयोग विचारतेस ना, तर हा.

ॲड_कॉलेजरोड

माहितीपूर्ण धागा. थोडी कायद्याची भर घालतो.

आपल्याकडे मोठे बदल कोर्टातून आणि खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीतून आलेत. २७ फेब्रुवारी २०१२ ला दीपक कुमार प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ५ हेक्टरपेक्षा लहान गौण खनिज पट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागेल. त्याआधी मोठी खाण ४.९ हेक्टरच्या तुकड्यांत दाखवायची सोय होती. २०१५ मध्ये मुख्य खनिजांसाठी (लोहखनिज, बॉक्साइट वगैरे) लिलाव आले आणि प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान, म्हणजे डीएमएफ. आणि २५ जुलै २०२४ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ८ विरुद्ध १ ने ठरवलं की रॉयल्टी हा कर नाही आणि खनिज हक्कांवर कर लावायचा अधिकार राज्यांना आहे, विरोधी मत न्या. नागरत्ना यांचं.

हे सगळं वाचून माझ्या मनात एकच येतं. राज्यांना अधिकार मिळाला, पण तो वापरणारा माणूस तालुक्यात बसतो आणि त्याच्या टेबलावर निवडणुकीपासून पीकपंचनाम्यापर्यंत सगळं असतं. वालदेवी मॅडम, 'कोणत्या नियमात लिहिलंय' या प्रश्नाला नाउमेद होऊ नका, तो वाईट हेतूने विचारला असेलच असं नाही. अधिकाऱ्याला आदेश टिकवायचा असतो. मोजणीची पद्धत लेखी ठरलेली असेल तर तोच उद्या तुमच्या बाजूने उभा राहील. म्हणून कोर्समध्ये नियम कसा लिहायचा हे शिकून या. नुसती जाणीवजागृती खूप झाली.

सदस्य_वॉर्ड३

नमस्कार. मी नाशिक तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीचा सदस्य आहे गावाचं नाव नको. आमच्याकडं डोंगराला लागून खाणी आहेत. तुमचं सगळं वाचलं काही समजलं काही नाही पण आमचं दुखणं सांगतो. दुपारी दीड-दोनला सुरुंग उडतो, भांडी वाजतात, माझ्या आईच्या खोलीच्या भिंतीला कोपऱ्यातून चिर गेलीय ती मागच्या पावसाळ्यापासून वाढली, आम्ही पेन्सिलीनं तारीख लिहून ठेवलीय भिंतीवर. तक्रार दिली तर म्हणतात घर जुनं आहे. द्राक्षाच्या बागेवर धूळ बसते ते वेगळंच, फुलोऱ्यात बसली तर सगळी मेहनत पाण्यात. २०२१ ला ब्रह्मगिरीच्या खोदकामावरून सगळीकडं बातम्या आल्या तेव्हा वाटलं आमच्याकडं पण कोणी बघेल. डीएमएफचा पैसा गावाला मिळतो म्हणतात तो कसा मागायचा, कोणाकडं. ताई तुमच्या कोर्समध्ये आमच्यासारख्यांसाठी काही आहे का?

वालदेवी

@सदस्य_वॉर्ड३ दादा, पेन्सिलीने तारखा लिहिल्यात हे फार चांगलं केलंत, खरंच. त्यात अजून एक करा. चिरेवर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्ही बाजूंना चिकटवा, चीर हलली की काच तडकते. तारीख टाकून फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. काच एकटी कारण सिद्ध करत नाही, पण भिंत आजही हलतेय हे तरी दिसतं.

सुरुंगाच्या हादऱ्याला मोजमाप असतं दादा. खाण सुरक्षा महासंचालनालयाचं १९९७ चं परिपत्रक आहे, साध्या घरांसाठी जमिनीचा हादरा सेकंदाला ५ मिलिमीटरच्या वर जायला नको, हे ८ हर्ट्झच्या (सेकंदाला ८ कंपनं) खालच्या संथ कंपनांसाठी, ८ ते २५ मध्ये १० आणि त्याच्या वर १५. मोजायला सिस्मोग्राफ नावाचं छोटं यंत्र असतं, भिंतीजवळ जमिनीत खिळ्यांनी रोवतात. म्हणजे 'घर जुनं आहे' यावर वाद घालत बसायचंच नाही. आमच्या घरापाशी किती आलं तो आकडा दाखवा, एवढंच म्हणायचं. अर्जात हे वाक्य असंच्या असं लिहा.

डीएमएफबद्दल. खाणपट्टेवाला रॉयल्टीच्या वर जादा हिस्सा भरतो, मुख्य खनिजांत २०१५ च्या आधीच्या पट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावातल्यांना १० टक्के, गौण खनिजाचा हिस्सा राज्य ठरवतं. तो पैसा जिल्ह्यातच राहतो आणि पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा कामांना आधी द्यायचा असतो. मागायचं ग्रामसभेच्या ठरावाने, काम नेमकं लिहून. ठरावात 'गावाचा विकास' असं मोघम लिहू नका, 'अमुक वस्तीवर पिण्याच्या पाण्याची टाकी' असं लिहा. आणि माहिती अधिकारात मागच्या तीन वर्षांच्या मंजूर कामांची यादी मागवा, त्यात खाणीलगतची गावं किती आणि लांबची किती हे मोजलंत की निम्मं काम झालं.

तुमच्यासाठी कोर्समध्ये काय आहे? गावकऱ्यांवर दोन लेक्चर आहेत, पण ती गावकऱ्यांशी कसं बोलावं यावर आहेत. गावकऱ्यांना काय यायला हवं यावर नाहीत. मला हे खटकलं होतं, तुमच्यामुळे आता नीट सांगता आलं.

खडीवाला_सिन्नर

मी खडी फोडायचं क्रशर चालवतो. वाचत होतो गप्प, आता लिहितो. सगळेच चोर नसतात एवढं आधी सांगतो.

वालदेवी ताई तुमचा हिशोब बरोबर आहे पण अर्धा आहे. खड्ड्यातून निघतं ते सगळं खडी होत नाही. वरचा दीड-दोन मीटर मुरूम आणि कुजका दगड, तो आम्ही खाणीतच बाजूला लावतो किंवा रस्त्याला टाकतो. दुसरं, माझा पट्टा मी घेतला तेव्हा तिथं आधीचाच खड्डा होता, कोणी काढला मला माहीत नाही. पाच वर्षांनी मोजणीवाले आले आणि सगळा खड्डा माझ्या नावावर लावला. पावत्या सगळ्या होत्या माझ्याकडं, तरी नोटीस आली. सहा महिने हेलपाटे. आणि जो शेजारी पावती ३ ब्रासची फाडून हायवात (मोठ्या डंपरमध्ये) ५ भरतो त्याची खडी माझ्यापेक्षा स्वस्त, गिऱ्हाईक त्याच्याकडं. म्हणजे नियमानं चालणारा दोन्हीकडून मरतो. तुमच्या कोर्समध्ये माझ्यासारख्याला पण बसवा, मला पण हे आकडे समजून घ्यायचेत.

वालदेवी

@खडीवाला_सिन्नर दादा, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. मी लिहिलेल्या हिशोबात मुरुमाचा थर आणि जुना खड्डा वजा करायला हवा होता, केला नाही, माझी चूक. दोन मीटर मुरूम धरला तर त्याच खड्ड्यात ४,८०० घनमीटर कमी होतात, पक्का दगड उरतो २१,६०० घनमीटर, म्हणजे ७,६०० ब्रासच्या थोडा वर, दीडपट फुगून साडेअकरा हजारांच्या जवळ. फरक २८ लाखांवरून १३ लाखांवर येतो. तोही मुरूम बाहेर गेला नाही आणि बाकी सगळा दगड विकला गेला असं धरून. बघा, एका गृहीतकाने पंधरा लाख हलले. म्हणून पट्टा द्यायच्या दिवशीच जमिनीची पातळी मोजून ती तिन्हीकडे हवी, तुमच्याकडे, ऑफिसमध्ये आणि ग्रामपंचायतीत. असं असतं तर तुमचे सहा महिने वाचले असते आणि मंडळ_निवृत्त काकांचा दंड अपिलात टिकला असता.

गारगोटी_शोधक

मी बी.एस्सी.ला आहे, पांडवलेणीच्या बाजूला आणि सिन्नरकडे झिओलाइटचे स्फटिक शोधत फिरतो. आपल्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट, स्कोलेसाइट मिळतात, जगभरच्या म्युझियममध्ये नाशिकची लेबलं असतात. एखादा चांगला हिरवा ॲपोफिलाइटचा गुच्छ असेल तर त्याच्या किमतीत कितीतरी ब्रास खडी येईल. माझा प्रश्न, दगडाच्या खाणीत दुसरं मौल्यवान निघालं तर त्याचा हिशोब कशात? हा पण कारभाराचाच भाग ना?

कॉपरबेल्ट_कर

@गारगोटी_शोधक मित्रा, फार नेमका प्रश्न. जगात यावरून मोठी भांडणं झालीत. टांझानियात २०१७ मध्ये सरकारने सोनं-तांब्याच्या कॉन्सन्ट्रेटचे कंटेनर बंदरात अडवले, समितीने म्हटलं यात जाहीर केलंय त्याच्या कितीतरी पट सोनं आहे, शिवाय न सांगितलेले इतर धातू. कंपनीला कराची मागणी गेली १९० अब्ज डॉलरची! कंपनी म्हणाली हे आकडे अशक्य आहेत. शेवटी तडजोड ३० कोटी डॉलरवर झाली, सोबत सरकारला खाणींत १६ टक्के वाटा. वाटा मिळाला हे मी वाईट म्हणत नाही. पण १९० अब्ज आणि ३० कोटी यांच्यात जे अंतर आहे ना, तिथे दोन्ही बाजूंना पटेल अशी तिसरी लॅब आणि सॅम्पल घ्यायची ठरलेली पद्धत असायला हवी होती. उलट बोट्सवाना बघ, देशाला १९६६ ला स्वातंत्र्य, १९६७ ला ओरापाचे हिरे सापडले, मग डी बिअर्स या हिरे कंपनीबरोबर निम्मी-निम्मी भागीदारी, आणि २०१२ मध्ये आपले हिरे स्वतः विकणारी सरकारी कंपनी. हिऱ्याची किंमत सांगणारा माणूस आपला हवा हे त्यांनी ओळखलं.

मंडळ_निवृत्त

फी जास्त वाटत असेल तर ताई देशातल्या देशात पण बघा. हैदराबादला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे, धनबादची आयआयटी १९२६ पासूनची, आपल्या नागपूरला भारतीय खाण ब्युरो. १९६४ पासून आयटेक योजनेत भारतच इतर देशांच्या अधिकाऱ्यांना शिकवतो. त्यांना शिकवणारे आपण आणि आपला तलाठी टेप धरून उभा, हे मनाला लागतं.

वालदेवी

काका, खाण ब्युरोचं काम मुख्य खनिजांचं, आपला दगड त्यांच्या कक्षेत येत नाही, आणि आयटेक बाहेरच्या अधिकाऱ्यांसाठी. पण तुमचं शेवटचं वाक्य मी कोर्सच्या अर्जात लिहिणार आहे, परवानगी समजते. ज्यांना फी न भरता सुरुवात करायचीये त्यांनी एसडीजी अकॅडमीचा नैसर्गिक संसाधनांवरचा ऑनलाइन कोर्स बघा, इंग्रजीत आहे पण करार आणि रॉयल्टीचा पाया चांगला समजतो. मी तो केलाय, दोनदा.

ठरलंय माझं. जाते. पण जायच्या आधी एक करायचंय. @खडीवाला_सिन्नर दादा, तुमच्या खाणीत एक दिवस मोजणी करू का, शिकवायला म्हणून? काका, दोन-चार ओळखीचे तलाठी येतील?

खडीवाला_सिन्नर

या ताई. येत्या रविवारी क्रशर बंद असतं. पावत्यांचं बाड पण काढून ठेवतो, सगळ्यांसमोर जुळवू. जे निघेल ते निघेल.

मंडळ_निवृत्त

तिघे तयार आहेत, एक तर नवीन लागलेली मुलगी आहे, तिला फार उत्साह. मी पण येतो. काठी घेऊन खड्ड्यात उतरेन.

सदस्य_वॉर्ड३

मी आणि आमच्या गावातली दोन पोरं येतो सिन्नरला. सिस्मोग्राफ असला तर आणा ताई, कसा लावायचा ते बघू.

वालदेवी

सिस्मोग्राफ एका ओळखीच्यांकडून दिवसभरासाठी मिळतोय. सुरुंग नसेल, पण खिळे रोवून लावायचा कसा आणि कागद वाचायचा कसा ते दाखवते. देवळालीची लष्करी छावणी आणि ओझरचा विमानतळ यांमुळे आपल्या भागात ड्रोनच्या परवानगीची भानगड असते, त्यामुळे ड्रोन नाही, टोटल स्टेशननेच करू, शिकायला तेच बरं. सकाळी ७ ला खाणीच्या फाट्यावर भेटू, ऊन चढायच्या आत वरची कड मोजून झाली पाहिजे. बूट घाला, चपला नको, प्रत्येकी दोन लिटर पाणी. हेल्मेट माझ्याकडे सहाच आहेत, ज्यांच्याकडे असतील त्यांनी आणा. दादा, तुम्ही फक्त एक करा, तुमच्या ऑफिसच्या ओट्यावर, जिथे कुणाचा धक्का लागणार नाही अशा जागी, सिमेंटमध्ये एक स्टीलचा खिळा शनिवारीच पुरून ठेवा. तो आपला पातळीचा बिंदू. रविवारचं सगळं माप त्याच्यावरून घेऊ आणि पुढच्या वर्षी परत मोजायला आलो की तिथूनच सुरू करू.